इटलीच्या पंगतीस मराठी दांपत्य

परदेशगमन आणि अन्न ह्यांचे महाराष्ट्रात एके काळी उघड वैर होते. १८९० सालच्या ऑक्टोबरात पुण्यातील पंचहौद मिशनमध्ये काही प्रतिष्ठित मंडळींपुढे चहा आणि बिस्किटे ठेवण्यात आली. कोणी ती घेतली, कोणी पेल्यास नुसता हात लावला, कोणी तेवढेही केले नाही. परंतु उपस्थितांची नावे छापून येताच शहरात ग्रामण्य माजले, आणि न्यायमूर्ती रानडे व लोकमान्य टिळक ह्यांच्यासारख्या पुरुषांनाही प्रायश्चित्ताच्या वादात सापडावे लागले. घरापासून कोसभर अंतरावर घेतलेल्या चहाची ही कथा. मग समुद्रापलीकडच्या पानावर बसणाराची काय गत होत असेल, हे निराळे सांगावयास नको.

आज चित्र नेमके उलट झाले आहे. मुंबई, पुणे, नागपूर येथील सुशिक्षित कुटुंबांतील पतिपत्नी इटलीस जाण्याचा बेत करतात, तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न असतो, ‘तेथे काय काय खावे?’ जे अन्न प्रवासाच्या आड येत होते, तेच आता प्रवासाचे निमित्त झाले आहे. हा पालट इष्टच आहे. मात्र निमित्त बदलले तरी घाई बदललेली नाही. आठ दिवसांत सहा शहरे, प्रत्येक शहरात चार देवळे व दोन चित्रशाळा, आणि ह्या धावपळीत उभ्याउभ्या खाल्लेला पिझ्झा, असा बहुतेकांचा कार्यक्रम असतो. इटलीचे अन्न स्वस्थपणे कसे भोगावे, ह्याचे उत्तर प्रवासी कंपनीच्या पत्रकात मिळत नाही. ते त्या अन्नाच्या इतिहासात आहे. आणि त्या इतिहासाचा एक धागा गडचिरोली जिल्ह्यातील धानोरा तालुक्याच्या मोहाच्या झाडांपर्यंत येऊन पोचतो.

इटली आणि महाराष्ट्र ह्यांच्यामधल्या वाटेवर जी माणसे पूर्वी चालून गेली, त्यांत एका दांपत्याची कथा विलक्षण आहे. पिएत्रो देल्ला वाल्ले हा रोमचा उमराव १६१४ साली व्हेनिसहून पूर्वेकडे निघाला. १६१६ साली बगदादेस त्याने मआनी नावाच्या ख्रिस्ती तरुणीशी विवाह केला. पुढील पाच वर्षे ती त्याच्याबरोबर इराणभर हिंडली. १६२१ च्या अखेरीस इराणी आखाताजवळ मिनाब येथे ती तापाने वारली. पिएत्रोने तिचा देह परक्या मातीत ठेवला नाही. तो सुगंधी द्रव्यांत जतन करून पेटीत घातला, आणि ती पेटी बरोबर घेऊनच तो १६२३ साली सुरतेस उतरला. खंबायत, अहमदाबाद, चौल, गोवे, इक्केरी अशी त्याची मुशाफरी झाली. पाहिलेले सारे तो नेपल्समधील आपल्या मित्रास पत्रांतून कळवीत असे. १६२६ साली तो रोमला परतला आणि पुढे आराचेली ह्या चर्चमध्ये पत्नीचे दफन केले. पतिपत्नींनी मिळून जग पाहावे ही इच्छा नवी नाही. तिची किंमत मात्र त्या काळी फार जबर होती.

उलट दिशेने गेलेल्या मराठी प्रवाशांत अग्रमान कोल्हापूरच्या छत्रपती राजाराम महाराजांचा. सुएझचा कालवा १८६९ साली खुला झाला, आणि लगेच पुढच्या वर्षी हा तरुण राजा विलायतेस गेला. त्याने तेथील राजसभा, शाळा, कारखाने पाहिले, रोजनिशी लिहिली. परतीच्या वाटेवर फ्लॉरेन्स येथे ३० नोव्हेंबर १८७० रोजी त्याचा अंत झाला. वयाचे अवघे एकविसावे वर्ष चालू होते. फ्लॉरेन्स तेव्हा इटलीची राजधानी होती, आणि दहनाची चाल त्या देशात नव्हती. इटलीतले पहिले आधुनिक दहनगृह मिलानमध्ये उघडले ते १८७६ साली. तरीही नगराच्या अधिकाऱ्यांनी परवानगी दिली, आणि आर्नो व मुञोने ह्या नद्यांच्या संगमावर महाराजांचा देह अग्नीस अर्पण झाला. संगमाचे महत्त्व कोल्हापूरच्या माणसांस कोणी समजावून देण्याची गरज नव्हती. त्या जागी १८७४ साली छत्री उभारून तीत त्यांचा अर्धपुतळा बसविला. पुढे १९७८ साली जवळच बांधून झालेल्या पुलास फ्लॉरेन्सकरांनी ‘हिंदी माणसाचा पूल’ ह्या अर्थाचे नाव दिले. महाराजांची रोजनिशी १८७२ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाली. त्या काळी स्वयंपाकी आणि शिधा बरोबर घेऊन परदेशी जाणे ही कोणाची हौस नसे, ती धर्माची अट असे. इटलीत पाऊल ठेवूनही इटलीचे पान न मांडणारे प्रवासी पुढेही पुष्कळ झाले.

त्यानंतर मराठी माणसे इटलीत मोठ्या संख्येने गेली ती दुसऱ्या महायुद्धात. मराठा पलटणींचे ते जवान रायगड, सातारा, अहमदनगरकडच्या शेतकरी घरांतले. माणगाव तालुक्यातील पळसगावचे नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी वरच्या तिबेर खोऱ्यात लढताना पडले. नामदेव जाधव ह्यांनी ९ एप्रिल १९४५ रोजी सेनियो नदीच्या काठी पराक्रम केला. दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. मोन्तोने ह्या डोंगरी गावी २०२३ साली घाडगे ह्यांच्या स्मरणार्थ सूर्यघड्याळ उभारण्यात आले. ह्या जवानांनी पाहिलेली इटली मेजवान्यांची नव्हती. ती शिधापत्रिकेवरच्या पावाची, उद्ध्वस्त शेतांची आणि रिकाम्या कोठारांची होती. आजच्या प्रवाशाने ज्या टेकड्यांवर द्राक्षमळे पाहून सुस्कारा सोडावा, त्याच ह्या टेकड्या.

आता त्या पानाकडे वळावे. ‘इटालियन जेवण’ असा शब्द सहज उच्चारला जातो. परंतु इटली हे राष्ट्रच मुळी १८६१ साली एक झाले. त्यापूर्वी तेथे संस्थाने होती, बोली होत्या, आणि जितकी नगरे तितके स्वयंपाक होते. १८९१ साली पेल्लेग्रीनो आर्तुसी ह्या निवृत्त व्यापाऱ्याने फ्लॉरेन्समध्ये पदरखर्चाने पाकशास्त्राचे पुस्तक छापले. त्यात निरनिराळ्या प्रांतांच्या कृती सुबोध भाषेत एकत्र आल्या, आणि गृहिणी त्यास पत्रे लिहून नव्या कृती कळवू लागल्या. आवृत्तीमागून आवृत्ती फुगत गेली. राज्यकर्त्यांनी नकाशावर जोडलेला देश ह्या गृहस्थाने चुलीवर जोडला, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. तथापि प्रांतांचा अभिमान आजही कायम आहे. बोलोन्यात अंडी घातलेल्या कणकेच्या ताज्या पट्ट्या. नेपल्सकडे रव्याची वाळविलेली नळकांडी. लिगुरियात तुळशीच्या जातीच्या पानांची वाटण. सिसिलीत अरबांच्या वेळेपासूनची बदाम-साखर. सिसिलीतील पालेर्मोजवळ शेवयांसारखा वाळविलेला पदार्थ तयार होऊन जहाजांनी बाहेर जातो, अशी नोंद अरब भूगोलज्ञ अल् इद्रिसी ह्याने ११५४ सालीच करून ठेवली आहे.

आणि ज्या टोमॅटोशिवाय इटलीची कल्पनाही करवत नाही, तो तर तेथे पाहुणा. अमेरिकेतून आलेल्या ह्या फळाची टोपली १५४८ साली तस्कनीच्या ड्यूकपुढे पिसा येथे ठेवल्याची नोंद आहे. लोकांनी ते फळ खावयास शंभर-दीडशे वर्षे लावली. मराठी चुलीवरची मिरची हीही त्याच खंडातून पोर्तुगीजांच्या गलबतांनी गोव्यात उतरलेली. कोल्हापूरचा तांबडा रस्सा आणि नेपल्सची तांबडी चटणी ही अशी एकाच सफरीची दोन नातवंडे होत.

तांदळाची कथा विदर्भाच्या अधिक जवळची. १४७५ साली मिलानचा ड्यूक गालेआत्सो मारिया स्फोर्त्सा ह्याने फेर्राराच्या दरबारास १२ पोती बियाणे धाडल्याचे पत्र उपलब्ध आहे. पुढे पो नदीच्या खोऱ्यात भातशेती पसरली, आणि १८६६ साली कावूर कालवा पुरा होऊन वेर्चेल्ली-नोव्हाराकडची शेते पाण्याखाली आली. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया ह्या झाडीपट्टीत गोंड राजांच्या काळापासून कोहळी आदी शेतकऱ्यांनी बांधलेल्या तलावांनी जे केले, तेच तेथे कालव्यांनी केले. झाडीपट्टीत आषाढ-श्रावणात रोवणीस वाकलेल्या बायकांच्या रांगा दिसतात. इटलीत तशाच बायका, दूरदूरच्या प्रांतांतून आगगाडीने येऊन, गुडघाभर पाण्यात निंदणी करीत. जळवा, डास, हिवताप हे त्यांचे सोबती. विसाव्या शतकाच्या आरंभी ह्याच बायकांनी आठ तासांच्या दिवसासाठी संप केले, आणि त्यांची कामावरची गाणी देशभर पसरली. मिलानच्या केशरी भाताचा पहिला घास घेताना हे ज्ञात असले, तर चव कमी होत नाही. तिला खोली येते.

कारण इटलीच्या अन्नाचे खरे मर्म समृद्धीत नसून टंचाईत आहे. एकोणिसाव्या शतकात व्हेनेतो आणि लोंबार्दी येथील शेतमजूर केवळ मक्याच्या घाट्यावर जगत, आणि त्यामुळे पेलाग्रा नावाचा रोग होऊन कातडी सोलपटे, बुद्धी भ्रमिष्ट होई. १८८० च्या सुमारास अशा रोग्यांची संख्या लाखाच्या घरात होती. १८७६ ते १९१५ ह्या चाळीस वर्षांत सुमारे १ कोटी ४० लाख माणसे देश सोडून गेली. ज्या पोलेंताची आज उंची भोजनगृहांत आरती होते, तो पदार्थ एका काळी मृत्यूचा सखा होता.

डोंगरी भागात, अपेनाईन्सच्या उतारांवर, मका देखील दुर्मिळ. तेथे रान धावून आले. चेस्टनटच्या झाडाला तिकडचे लोक भाकरीचे झाड म्हणत. शरदात फळे वेचावयाची, दगडी खोपटात मंद धुरावर महिनाभर वाळवावयाची, सोलून दळावयाची. आणि त्या गोडसर पिठाच्या भाकऱ्या, लापशी, पोळे करून हिवाळा काढावयाचा. लुक्काच्या उत्तरेस गार्फान्याना खोऱ्यात हे शतकानुशतके चालले. लढाईनंतर माणसे शहरांत गेली, झाडे ओस पडली, आणि ते पीठ गरिबीची लाजिरवाणी खूण ठरले.

येथे धानोऱ्याचे स्मरण होते. गडचिरोलीच्या पूर्वेस, छत्तीसगडच्या वाटेवर असलेला हा तालुका मुख्यत्वे गोंडांच्या वस्तीचा आणि दाट अरण्याचा. चैत्राच्या सुमारास पहाटे मोहाची फुले टपटप गळू लागतात. त्याआधी झाडाखालचा पाचोळा काढून जागा स्वच्छ केलेली असते, आणि बायका-मुले टोपल्या घेऊन उजाडण्यापूर्वी रानात पोचतात. वाळविलेले मोहफूल गोड. ते भाजून, शिजवून, कुटून, धान्यात मिसळून खाल्ले जाते, आणि बियांचे तेल निघते. १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांत मध्यप्रांताच्या अरण्यांतील पुष्कळ कुटुंबांस मोहानेच तारले. पावसाळ्यात बांबूचे कोवळे कोंब म्हणजे वास्ते, वारुळांवर उगवणाऱ्या सात्या, नाना तऱ्हेच्या रानभाज्या. उन्हाळ्यात चारोळी आणि टेंभरे. डॉक्टर राणी बंग ह्यांनी ‘गोईण’ ह्या पुस्तकात ह्या भागातील बायकांचे झाडांविषयीचे ज्ञान नोंदून ठेवले आहे. चेस्टनट आणि मोह ही झाडे वनस्पतिशास्त्रात एकमेकांची कोणी नव्हेत. परंतु गरिबाच्या घरातील त्यांचे स्थान एकच.

पुढे मात्र दोघांच्या वाटा निराळ्या झाल्या. १९८६ साली इटलीत मिथिल अल्कोहोल मिसळलेली द्राक्षासव पिऊन वीसहून अधिक माणसे दगावली, आणि स्वस्त व झटपट अन्नाविषयी देश खडबडून जागा झाला. त्याच वर्षी रोमच्या एका ऐतिहासिक चौकात अमेरिकन पद्धतीचे झटपट खाण्याचे दुकान निघाले, तेव्हा लोकांनी निषेध केला. पिएमोंतेतील ब्रा गावचे कार्लो पेत्रिनी ह्यांनी ह्या असंतोषास रचनात्मक वळण दिले. १९८९ साली पॅरिस येथे त्यांच्या चळवळीचा जाहीरनामा निघाला, आणि गोगलगाय हे तिचे बोधचिन्ह झाले. अन्न चांगले असावे, स्वच्छ असावे, आणि पिकविणारास न्याय देणारे असावे, एवढेच तिचे सूत्र. १९८५ च्या कायद्याने शेतकऱ्यास आपल्या घरी पाहुणे ठेवण्याची व जेवू घालण्याची सोय झाली होतीच. गार्फान्यानाच्या चेस्टनट पिठास २००४ साली संरक्षित नाव मिळाले. लाजेची वस्तू मानाची झाली.

ह्या इतिहासावरून दांपत्याच्या प्रवासाचा आराखडा आपोआप निघतो. बारा दिवस हाती असतील, तर मुक्काम दोनच करावेत. पहिला बोलोन्यात. रोमन सेनापतीने ख्रिस्तपूर्व १८७ साली बांधलेल्या राजमार्गावर हे नगर वसले असून मोदेना व पार्मा तेथून आगगाडीने तासाभराच्या आत आहेत. सकाळी मंडईत जाऊन दिवसाचा हंगाम पाहावा, एक गाव निवडावे, दुपारी तेथे नीट बसून जेवावे, आणि रात्री फळे, पाव, चीज एवढ्यावर भागवावे. दिवसातून दोन पूर्ण जेवणे हा उत्साह तिसऱ्या दिवशी पोटावर येतो. दुसरा मुक्काम गार्फान्यानाच्या एखाद्या शेतघरी. वाटेत एक दिवस फ्लॉरेन्ससाठी राखावा. चित्रशाळेची रांग टळली तरी चालेल, परंतु नदीकाठच्या उपवनातील राजाराम महाराजांची छत्री टाळू नये. प्रत्येक मुक्कामात एक दिवस अगदी मोकळा असावा; त्या दिवशी काय करावयाचे हे दोघांनीही आधी ठरवू नये.

काळ एप्रिल-मेचा, नाहीतर सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरचा बरा; चेस्टनट हवी असतील तर दुसराच. ऑगस्टात पुष्कळ भोजनगृहे बंद असतात, कारण आचारीही सुटीवर जातात. दुपारचे जेवण साधारण साडेबारा ते अडीच, रात्रीचे साडेसातनंतर. मधल्या वेळी गरम पान मिळेलच असे नाही. भोजनाचे टप्पे चार-पाच असले, तरी सारे मागविलेच पाहिजेत असा दंडक नाही. दोघांत एक पदार्थ वाटून घेण्यात संकोच नसावा. बिलात माणशी बैठकीचा आकार लावतात, तो लबाडीचा नव्हे. शाकाहारी मंडळींनी दोन गोष्टी ध्यानात धराव्यात: पार्माचे प्रसिद्ध चीज वासराच्या जठररसाने विरजतात, आणि भाजीच्या रश्शात मांसाचा अर्क असू शकतो, म्हणून विचारून घ्यावे. बाकी सोय उत्तम आहे. तस्कनीत घेवड्याच्या, पावाच्या, पालेभाज्यांच्या घट्ट आमट्या मिळतात, आणि समुद्रकाठी हरभऱ्याच्या पिठाचे असे पोळे मिळते, की मराठी माणसास धिरड्याची ओळख तत्काळ पटावी.

इतका बेत जमला, तर प्रवास सुखाचा होईल ह्यात शंका नाही. पण ह्या सुखाबरोबर एक प्रश्नही पदरात पडतो. गार्फान्यानात चेस्टनटच्या पिठाचे पोळे कौतुकाने खाणाऱ्या किती मराठी दांपत्यांनी मोहफुलाची गोडी जिभेवर घेतली आहे? शहरी कानांस मोह म्हणजे केवळ दारू. गडचिरोली जिल्ह्यात १९९३ पासून दारूबंदी झाली, ती तेथील लोकांच्याच आग्रहाने; परंतु फूल आणि दारू ह्यांतला भेद विसरल्याने अन्नावरही कलंक बसला. मोहफुलाच्या संकलनावरील व वाहतुकीवरील निर्बंध राज्यशासनाने उठविले, ते २०२१ साली.

धानोरा तालुक्यातीलच मेंढा-लेखा ह्या छोट्या गावाने त्या आधीच वाट दाखविली होती. २००६ च्या वनहक्क कायद्यान्वये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावरील सामूहिक हक्क ह्या गावाने २००९ साली मिळविला, आणि २०११ साली आपला बांबू आपणच विकण्याचा अधिकार प्रत्यक्ष वापरला. सर्वांच्या संमतीखेरीज निर्णय नाही, ही तेथील ग्रामसभेची रीत. अन्नाचा मान प्रथम रानाच्या मालकीत असतो, ही गोष्ट ह्या गावास कोणी परदेशी जाहीरनाम्यातून शिकविली नाही. इटलीने आपल्या डोंगरातील गरिबांच्या पिठास नाव दिले, कायदा दिला, पाहुणा दिला. धानोऱ्याने रान राखले आहे; नाव आणि पाहुणा अजून यावयाचे आहेत.

प्रवासाचे सार्थक नुसते नवे खाण्यात नसते. घरचे अन्न नव्या नजरेने पाहता येण्यातही ते असते. ज्यांच्या आज्या-पणज्यांच्या काळी परक्या पेल्याने धर्म बुडत होता, त्यांनी इटलीच्या पंगतीस जरूर बसावे, स्वस्थपणे बसावे, आणि एकमेकांस आग्रह करून जेवावे. त्यानंतरचा एखादा चैत्र मात्र धानोऱ्याच्या वाटेसाठी राखून ठेवावा. पहाटे मोह गळतो, तेव्हा तेथे पंगत मांडलेलीच असते. वाढणारे हात तयार आहेत, उणीव आहे ती पानावर बसणारांची.